परदेशात पोट सांभाळायचं असेल तर: पाणी, बर्फ, जेवण आणि जुलाब लागलेच तर काय करायचं

पहाटे तीन वाजता मी हॉटेलच्या बाथरूममध्ये उभी राहून मोबाईलच्या टॉर्चमध्ये ओआरएसच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होते. पाकीट तिथल्याच मेडिकलमधून आणलेलं, सगळी माहिती तिथल्या लिपीत, आणि मला फक्त एवढंच हवं होतं की हे एका ग्लासात घालायचं की लिटरभर पाण्यात. आई पलंगावर पडलेली, रात्री दहापासून सात-आठ वेळा जाऊन आलेली, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. आणि आम्ही पहिल्या दिवसापासून सीलबंद बाटलीशिवाय एक घोट पाणी प्यायलो नव्हतो.

नंतर शांतपणे आठवत गेलो तेव्हा एकेक समोर यायला लागलं. दुपारच्या ज्यूसमध्ये बर्फ होता. सकाळच्या बुफेत आईने कापून ठेवलेली फळं घेतली होती. ब्रश रोज नळाच्या पाण्यानेच चालू होता, कारण चूळ भरून थुंकायचंच असतं ना, असं आम्हाला वाटलं. नेमकं कशाने झालं ते आता कधीच कळणार नाही, पण तेव्हापासून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगत आलीये, ग्लासातलं पाणी सगळेच सांभाळतात, पोटात जाणारं बाकीचं पाणी कोणी मोजत नाही. बर्फातलं, सॅलडच्या पानांवरचं, ओल्या ताटलीतलं, टूथब्रशवरचं, शॉवरमध्ये तोंडात गेलेलं. खाली जे लिहितेय ते या न मोजलेल्या पाण्याबद्दल आहे, आणि एवढं करूनही पोट बिघडलं तर काय करायचं त्याबद्दल.

आधी शत्रू कोण ते बघू

प्रवासातले बहुतेक जुलाब जिवाणूंमुळे होतात, आणि त्यात सगळ्यात कॉमन म्हणजे ई. कोलायचा एक प्रकार, जो आतड्यात जाऊन विष तयार करतो. त्याच्याबरोबर कॅम्पायलोबॅक्टर, शिगेला, साल्मोनेला. मग विषाणू, म्हणजे नोरोव्हायरस, रोटाव्हायरस. आणि तिसरे जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम यांच्यासारखे एकपेशीय परजीवी. हे तीन गट लक्षात ठेवा, कारण पाणी शुद्ध करायची प्रत्येक पद्धत यातल्या सगळ्यांवर सारखी चालत नाही, आणि लोक गंडतात ते इथेच.

कधी त्रास सुरू झाला यावरूनही थोडा अंदाज येतो. जेवणानंतर दोन-चार तासांतच जोरदार उलट्या सुरू झाल्या तर बहुतेक वेळा अन्नात आधीच तयार झालेलं विष असतं. जिवाणू आणि विषाणूंना साधारण 6 ते 72 तास लागतात. परजीवींना एक-दोन आठवडे, म्हणजे तुम्ही घरी येऊन बॅगा रिकाम्या करून ऑफिसला लागलात की मग त्रास सुरू. म्हणून "काल रात्री त्या हॉटेलात खाल्लं त्यानेच झालं" असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

निघायच्या आधी

चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरकडे जा. एवढ्या आधी कशाला असं वाटतं पण लसींना वेळ लागतो. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड या दोन्ही दूषित पाण्या-अन्नातूनच येतात आणि दोन्हींवर लस आहे, टायफॉइडचं इंजेक्शन निदान दोन आठवडे आधी झालेलं बरं. कॉलराची तोंडाने घ्यायची लस पण असते, ती सगळ्यांना लागत नाही, कुठे जाताय त्यावर आहे. मात्र लस घेतली म्हणजे जुलाब होणार नाहीत असं समजू नका, नेहमीच्या ई. कोलायवर या लसींचा भरवसा धरता येत नाही.

ॲसिडिटीसाठी रोज गोळी घेत असाल, तर ते डॉक्टरना आवर्जून सांगा. जठरातलं ॲसिड हा आपला पहिला पहारेकरी आहे, बरेचसे जंतू तिथेच मरतात, आणि ॲसिड दाबणाऱ्या गोळ्यांनी तो पहारा ढिला होतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त जास्त जपा. आईचं हेच होतं, रोजची गोळी चालू होती आणि आम्हाला हे माहीतच नव्हतं.

बॅगेत काय घ्यायचं: ओआरएसची पाकिटं घरूनच, माणशी निदान पाच-सहा, आणि प्रत्येकावर ते किती पाण्यासाठी आहे ते मार्करने मोठ्या अक्षरात लिहून. काही पाकिटं 200 मिलीसाठी असतात, काही लिटरसाठी, आणि लिटरचं पाकीट ग्लासात घातलं तर मीठ इतकं जास्त होतं की फायदा राहिला बाजूला, लहान मुलांना अपायच होतो. थर्मामीटर. साबणाचा छोटा तुकडा किंवा कागदी साबण. 60 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर. रिकामी बाटली, शक्यतो मोठ्या तोंडाची म्हणजे आतून हात घालून घासता येते. पाणी शुद्ध करायचं एक साधन आणि त्याला पर्याय म्हणून गोळ्या. औषधं मूळ पाकिटातच ठेवा, प्रिस्क्रिप्शन बरोबर, आणि त्यावर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण ब्रँड प्रत्येक देशात वेगळा असतो. काही औषधांवर काही देशांत बंदी असते, ते त्या देशाच्या सरकारी साइटवर बघून घ्या.

इन्शुरन्सचा इमर्जन्सी नंबर फोनमध्ये तर ठेवाच पण कागदावर पण लिहा.

नळाचं पाणी प्यायचं की नाही

सगळीकडे बाटलीच घ्यायची असं काही नाही. स्वित्झर्लंड, जर्मनी, जपान, सिंगापूर, आइसलँड इथे नळाचं पाणी बिनधास्त पितात. आइसलँडमध्ये गरम पाण्याला गंधकाचा वास येतो कारण बऱ्याच ठिकाणी ते जमिनीखालून येतं, पिण्यासाठी गार नळ सोडायचा. रोममध्ये रस्त्यावर सतत वाहणारे छोटे नळ दिसतात, त्यांना तिथे नाझोनी म्हणतात, ते पाणी पिण्याचंच असतं. अशा ठिकाणी बाटल्या विकत घेत बसणं म्हणजे पैसे आणि प्लास्टिक दोन्ही वाया.

पण याच देशांत कारंजं, रेल्वेचं टॉयलेट, बागेतला नळ इथे "पिण्याचं पाणी नाही" अशी पाटी असू शकते, ती ओळखता यायला हवी. इटालियनमध्ये आक्वा नॉन पोताबिले, फ्रेंचमध्ये ओ नॉन पोताब्ल, स्पॅनिशमध्ये आग्वा नो पोताब्ले, जर्मनमध्ये काइन ट्रिंकवासर. पहिल्या तिन्हींत "पोटेबल"सारखा दिसणारा शब्द आहे, म्हणजे पिण्यायोग्य, आणि त्याच्या आधी "नॉन" किंवा "नो" असेल तर हात लावायचा नाही. निघण्याआधी या पाट्यांचे फोटो शोधून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

बाकी देशांत जायच्या आधी त्या देशाची प्रवाशांसाठीची आरोग्य सूचना वाचा. आणि तिथले लोक पितात म्हणून आपण प्यावं हा हिशोब करू नका, त्यांच्या पोटाला तिथल्या जंतूंची वर्षानुवर्षांची ओळख असते, आपल्या नसते. "पाणी फिल्टर केलेलंय" असं हॉटेलवाल्यानं सांगितलं तर तो खोटं बोलतोय असं नाही, पण फिल्टर शेवटचा कधी बदलला ते त्यालाही बहुतेक माहीत नसतं.

मोठ्या शहराचं शुद्ध केलेलं पाणी पण कधीतरी फसवतं. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे 4 लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. पाण्यात क्लोरीन होतं, प्लांट चालू होता, पण या परजीवीवर क्लोरीनचा फारसा परिणामच होत नाही. म्हणून कुठल्याही शहरात "पाणी उकळून प्या" अशी नोटीस लागली असेल तर ती पाळायची, मग तो देश कितीही पुढारलेला असो.

बाटली घेताना

झाकण फिरवताना खालची रिंग तुटते त्याचा कट्-कट् आवाज येतो आणि बोटांना तो जाणवतो पण. तो आवाज आला नाही, झाकण सहज फिरलं, तर बाटली परत करा. मी आता पैसे द्यायच्या आधी बाटली उलटी करून हलकेच दाबते, झाकणापाशी थेंब आला तर नको. रेस्टॉरंटमध्ये बाटली टेबलवर आपल्यासमोर उघडायला सांगा, यात लाजायचं काही नाही. गॅसवालं सीलबंद पाणी मिळत असेल तर ते जास्त खात्रीचं, कारण गॅस भरणं नळाखाली जमत नाही.

ग्लास ओला असेल तर कोरडा पुसून घ्या नाहीतर सरळ बाटलीनेच प्या. बाटलीला तोंड लावायच्या आधी बाटलीचं तोंड पण पुसा, विशेषतः बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली असेल तर.

बर्फ, ब्रश, शॉवर

बर्फाने जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. बर्फ वितळला की परत चालू. दारूतला बर्फ चालतो हा अजून एक गैरसमज, पेयात असते तेवढ्या अल्कोहोलने बर्फातले जंतू मरतील असा भरवसा नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते माहीत नसेल तर "नो आइस" हे ऑर्डर देतानाच सांगा, कारण पेय आल्यावर बर्फ काढून टाकला तरी तोवर थोडा वितळलेलाच असतो. मशीनमधून ग्लासात भरून देतात ते कोल्ड्रिंक पण बघून, त्यात सिरपमध्ये तिथल्याच लाइनचं पाणी मिसळतात. सीलबंद कॅन बरा. वाफाळता चहा-कॉफी चालते, कोमट आली तर परत गरम करून मागा.

ब्रशसाठी बेसिनपाशी एक बाटली कायमची उभी करून ठेवा, आणि मी तर नळाला रुमाल बांधून ठेवते, कारण झोपेत हात आपोआप नळाकडे जातो. ब्रश धुवायला पण बाटलीचंच पाणी. शॉवरमध्ये तोंड बंद. लहान मुलांना हे जमत नाही, त्यांना बादलीत किंवा टबमध्ये बसवून मगाने अंघोळ घातलेली सोपी जाते, डोक्यावरून पाणी ओतताना "ओठ घट्ट" हा खेळ करायचा. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने अजिबात धुवू नका, हा पोटाचा विषय नाही पण डोळ्याला भयंकर इन्फेक्शन होऊ शकतं म्हणून लिहितेय.

स्विमिंग पूलमध्ये क्लोरीनचा वास येतो म्हणजे पाणी सेफ असं नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नीट क्लोरीन असलेल्या पूलमध्ये सुद्धा सात दिवसांहून जास्त टिकतो. पोहा, पण पाणी गिळू नका.

पाणी स्वतः शुद्ध करायचं तर

उकळणं हे सगळ्यात खात्रीचं, तिन्ही गट मरतात. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, स्वच्छ कापडातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. 2,000 मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक डिग्रीने कमी होत जातं. पेरूमधलं कुस्को जवळपास 3,400 मीटरवर आहे, नेपाळमधले ट्रेक तर त्याच्याही वर जातात, तिथे हे तीन मिनिटांचं गणित लक्षात ठेवा. मग झाकून तसंच निवू द्या, गार करायला बर्फ घालू नका (हे मी लोकांना करताना पाहिलंय). हॉटेलच्या खोलीतली इलेक्ट्रिक केटल यासाठी उत्तम आहे, आल्या आल्या एकदा पाणी उकळून फेकून द्यायचं, मग रोज रात्री दोन केटल उकळून झाकून ठेवायच्या, सकाळी बाटल्या भरायच्या. केटल उकळी आली की आपोआप बंद होते, म्हणून मी लगेच परत एकदा ऑन करते. नळाचं गरम पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नाही, ते एवढं तापतच नाही, शिवाय जुन्या पाइपांतून गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं.

फिल्टर घेताना पाकिटावर छिद्राचा आकार बघा. 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ॲब्सोल्यूट, म्हणजे त्याहून मोठं छिद्र एकही नाही असं, किंवा त्याहून बारीक असेल तर जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम अडतात, 0.1 किंवा 0.2 मायक्रॉन असेल तर जिवाणू पण, पण विषाणू त्याहून कितीतरी बारीक असल्यामुळे आरपार जातात. विषाणूंची भीती असेल तिथे गाळलेल्या पाण्यात गोळी टाकायची. नळीसारखे बारीक तंतू असलेला फिल्टर एकदा ओला झाला आणि मग गोठला की आतले तंतू फाटतात आणि बाहेरून काही कळत नाही, पाणी नेहमीसारखंच येत राहतं. थंड प्रदेशात रात्री तो झोपायच्या बॅगेत बरोबर घेऊन झोपतात ते याच्यासाठी. कोळशाच्या फिल्टरने चव आणि वास सुधारतो, जंतूंसाठी नुसत्या त्याच्यावर विसंबू नका.

गोळ्या हलक्या, स्वस्त, कुठेही मावतात. क्लोरीन आणि आयोडीन जिवाणू-विषाणूंवर चालतं, क्रिप्टोस्पोरिडियमवर नाही. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या त्यावर पण चालतात पण चार तास थांबावं लागतं, तहान लागल्यावर गोळी टाकून उपयोग नाही, रात्रीच टाकून ठेवायची. आयोडीन गरोदर बायकांनी आणि थायरॉइड असलेल्यांनी टाळावं, आणि कोणीच आठवडेच्या आठवडे वापरू नये. गोळी टाकल्यावर झाकण किंचित सैल करून बाटली उलटी करा म्हणजे आट्यांमधून थोडं शुद्ध केलेलं पाणी ओघळतं, नाहीतर आट्यांत अडकलेलं कच्चं पाणी पहिल्याच घोटाला ओठांना लागतं. ही छोटी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात.

यूव्ही पेन, म्हणजे पाण्यात फिरवायचा अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा, तिन्ही गटांवर चालतो, पण पाणी स्वच्छ नितळ असेल तरच, गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात. आणि बॅटरी संपली की संपलं.

काहीच नसेल आणि ऊन कडक असेल तर दोन लिटरपर्यंतची पारदर्शक प्लास्टिकची (पेट) बाटली नितळ पाण्याने भरून सहा तास उन्हात आडवी ठेवा, ढग असतील तर दोन दिवस. ही अडीअडचणीची पद्धत झाली.

एक मात्र ध्यानात असू द्या, उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. शिसं, आर्सेनिक, नायट्रेट असेल तर पाणी आटल्याने ते उलट वाढतं. अशा भागात बाटलीच.

जेवण

माझा नियम सोपा आहे, ताटातून वाफ येत असेल तर खायचं. गर्दीची साधी टपरी, जिथे समोर कढईत तळून लगेच हातात देतात, ती मला मोठ्या हॉटेलच्या कोमट बुफेपेक्षा जास्त भरवशाची वाटते. शिजवलेलं अन्न 60 डिग्रीच्या वर किंवा 5 डिग्रीच्या खाली राहायला हवं, मधल्या तापमानाला जंतू भराभर वाढतात, दोन तासांच्या वर बाहेर राहिलेलं सोडून द्या आणि 32 डिग्रीच्या वर उकाडा असेल तर तासाभरानंतरचं पण. भात कोरडा आणि निरुपद्रवी वाटतो पण शिजवून तसाच बाहेर राहिलेल्या भातात एक जिवाणू असं विष तयार करतो की परत गरम केलं तरी ते जात नाही.

बुफेला उशिरा जाऊ नका. नुकतंच आणून ठेवलेलं भांडं घ्या, आणि वाढायचा चमचा शंभर हातांतून गेलेला असतो म्हणून ताट भरल्यावर खायच्या आधी परत हात धुवा.

सॅलड हा सगळ्यात मोठा सापळा, कारण हेल्दी म्हणून आपण तेच उचलतो. पानं कुठल्या पाण्यात धुतली माहीत नाही आणि घडीघडीत पाणी राहतं. फळं स्वतः सोलायची, केळं, संत्रं, आंबा चालतात, पण आधी साल धुवा नाहीतर सुरीबरोबर वरची घाण आत जाते. कापून ठेवलेली फळं नाहीत, टेबलवर उघड्या वाटीत ठेवलेली कच्ची चटणी-सॉस नाहीत, कच्चे शिंपले नाहीत, न तापवलेलं दूध नाही. पाव, बिस्किटं, सुका मेवा, सीलबंद पाकिटं बिनधास्त.

आणि हात. साबणाने 20 सेकंद, खायच्या आधी आणि टॉयलेटनंतर. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही, म्हणून ग्रुपमध्ये एकाला उलट्या सुरू झाल्या की सगळ्यांनी साबणावर या.

तरीही पोट बिघडलं तर

सगळं पाळूनसुद्धा होऊ शकतं, स्वयंपाकघरात काय चाललंय ते आपल्या हातात नसतं, म्हणून एकमेकांना दोष देत बसू नका. पहिलं काम गोळी शोधणं नाही, पहिलं काम पाणी आणि मीठ भरून काढणं.

ओआरएस का चालतं ते समजून घ्या म्हणजे विश्वास बसेल. जुलाबात आतडं नुसतं पाणी नीट शोषत नाही, पण ग्लुकोज आणि मीठ ठराविक प्रमाणात एकत्र आलं की ते जोडीने आत जातं आणि त्यांच्या मागून पाणी आत ओढलं जातं, हा रस्ता जुलाबातही चालू राहतो. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. कॉलरात जे चाललं ते आपल्या जुलाबात चालणारच.

आत्ताच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं, एकूण 20.5 ग्रॅम. म्हणजे 20-21 ग्रॅमचं पाकीट दिसलं तर ते लिटरचं, मला त्या रात्री हेच माहीत असतं तर निम्मी काळजी मिटली असती. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, सपाट म्हणजे वरून सुरीने सारखा केलेला. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. केलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्या. गोड कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस हे याला पर्याय नाहीत, जास्त साखरेने आतड्यात उलट पाणी ओढलं जातं. दुकानात "एनर्जी", "इलेक्ट्रोलाइट" लिहिलेलं सगळंच ओआरएस नसतं.

किती द्यायचं? प्रत्येक जुलाबानंतर मोठ्यांना 200 ते 400 मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलांना 100 ते 200, दोन वर्षांखाली 50 ते 100. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याने, एकेक चमचा, घाई न करता. आईला मी पहाटेपासून उजाडेपर्यंत असंच भरवत होते, सुरुवातीला प्रत्येक चमच्याला तोंड वाकडं करत होती, साडेसहाला स्वतःहून ग्लास मागितला आणि आठला लघवी झाली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. लघवीवर लक्ष ठेवा, हा सगळ्यात चांगला मीटर आहे, गडद पिवळी असेल किंवा सहा-आठ तास झालीच नसेल तर पाणी कमी पडतंय.

उपाशी ठेवू नका. भूक लागेल तसा साधा भात, बटाटा, केळं, टोस्ट, सूप. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध चालूच ठेवायचं. मुलांना झिंक पण देतात, 10 ते 14 दिवस, डोस डॉक्टरांना विचारून.

आता गोळ्या. लोपेरामाइडने जुलाब थांबतात, लांबचा बसप्रवास असेल तर मोठ्या माणसाला ती उपयोगी पडते, पण ती आतड्याची हालचाल मंद करते, इन्फेक्शन बरं करत नाही. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर घ्यायची नाही, लहान मुलांना द्यायची नाही, आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या वर तर अजिबात नाही, जास्त डोसने हृदयाच्या ठोक्यांत गडबड होते. जुलाबावरच्या बिस्मथच्या गोळीने जीभ आणि शौच काळं होतं, घाबरू नका, पण ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर ती घेऊ नका.

अँटिबायोटिक बरोबर नेत असाल तर कधी सुरू करायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. साध्या जुलाबाला ते लागतच नाही, बहुतेक जण तीन ते सात दिवसांत आपोआप बरे होतात, आणि उगीच घेतलं तर औषधाला दाद न देणारे जंतू पोटात बरोबर घेऊन घरी यायचं. दक्षिण आणि आग्नेय आशियात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकला बरेच जंतू जुमानत नाहीत, म्हणून मागच्या वेळची उरलेली स्ट्रिप बॅगेत टाकू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं

शौचात रक्त. 38.5 डिग्रीच्या वर ताप. पाणीसुद्धा पोटात राहत नाही. उभं राहिलं की चक्कर, गोंधळल्यासारखं बोलणं. असह्य पोटदुखी. भाताच्या पेजेसारखे पाणचट जुलाब भराभर होत राहणं. यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्रीच जा. बाकी त्रास दोन-तीन दिवसांत कमी झाला नाही तर मग पण. तान्हं बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा डायबेटिस, किडनीचा त्रास असेल तर त्याच दिवशी. गरोदरपणात पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई फार गंभीर होऊ शकते, म्हणून डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर अजिबात थांबू नका. तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधासाठी पाणी उकळलेलंच हवं आणि पावडर घालताना ते निदान 70 डिग्री गरम हवं, मग निववून पाजायचं.

हॉटेलच्या रिसेप्शनला सांगून जवळचं हॉस्पिटल विचारा, इन्शुरन्सच्या नंबरला आधी फोन करा, ते बऱ्याचदा कुठे जायचं ते सांगतात आणि पैशांचं पण सोपं जातं. बिलं आणि रिपोर्ट सगळे जपून ठेवा.

घरी आल्यावर

जुलाब 14 दिवसांच्या वर चालले, वजन उतरतंय, पोट सतत फुगतंय, ढेकरांना घाण वास येतोय, तर जिआर्डियासारखा परजीवी असू शकतो, त्यासाठी शौचाची तपासणी लागते आणि औषध वेगळं असतं. कधीकधी जंतू गेल्यावरही आतडं काही महिने नाजूक राहतं, ते पण डॉक्टरांशी बोला. आणि ताप आला तर, जुलाब असोत नसोत, कुठल्या देशात होतो ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण बऱ्याचदा डॉक्टर विचारत नाहीत आणि आपल्यालाही तीन आठवड्यांपूर्वीची ट्रिप आठवत नाही. मी आता प्रवासात फोनच्या नोट्समध्ये रोज एक ओळ टाकते, कुठे होतो, बाहेर काय खाल्लं, कोणाचं पोट कधी बिघडलं, कुठली गोळी किती दिली. आईला घरी आल्यावर दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिले तीन प्रश्न नेमके हेच विचारले होते.